“एकात पक्की नाही, म्हणजे कशातच नाही”

“चित्रकार म्हणतात तू फिल्मवाली, फिल्मवाले म्हणतात तू गॅलरीतली.” थोड्याफार फरकाने ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनाला येणारे कलावंत सतत करतात. त्यांतल्याच एकीची ही हकिकत, ओळख बदलून.

वय तिशीचं, चित्रकलेची पदवी. अनुदानाच्या अर्जात ‘माध्यम’ या रकान्यापाशी अडलेली.

“एकात पक्की नाही, म्हणजे मी कशातच नाही, मॅडम.”

“शेवटची तीन कामं सांग. माध्यमाचं नाव न घेता.”

बराच वेळ गेला. “पडक्या वाड्यातल्या झरोक्याचा उजेड. मग काचेवर रंगवलेल्या आकृत्यांतून भिंतीवर पडणारा. तिसऱ्यात जुन्या साड्यांमधून…” ती थबकली. “तिन्हींत उजेड कशातून तरी गाळून येतोय!”

“मग तू पक्की कशात आहेस?”

ती हसली, आणि वही मागितली.

हा प्रश्न मी मुद्दाम असाच विचारते. माध्यमाची पळवाट बंद झाली की कामातलं सूत्र वर येतं. मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या वळणाची. घटनेपेक्षा तिच्याबद्दल मनाशी धरलेलं मत जास्त छळतं, आणि मत म्हटलं की पुरावा मागता येतो. तिच्या मताला पुरावा मिळाला नाही. उलट चित्रकार नलिनी मलानींचं उदाहरण होतं. त्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या, 1969मध्ये चित्रकार अकबर पदमसींच्या कार्यशाळेत फिल्मकडे वळल्या. 2012मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात त्यांनी मायलारचे, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टर शीटचे, पाच रंगवलेले दंडगोल फिरते टांगले आणि व्हिडिओचा उजेड त्यांतून सोडला. चित्र तिथे आहेच, फक्त फिरतंय.

एवढ्याने धास्ती संपत नाही, कारण तिचा काही भाग खरा असतो: पैसा आणि तांत्रिक घोळ. त्याला धीर पुरत नाही, कागद लागतो. तिला वेगळं पान करायला लावलं. प्रोजेक्टरचं गुणोत्तर (अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असेल तर 3 मीटर रुंद चित्राला 4.5 मीटर अंतर हवं. खोली तेवढी खोल आहे का, हे आधी मोजायचं. बंद खोक्यात ठेवलेला प्रोजेक्टर तापून बंद पडतो, म्हणून हवेला जागा. पॉलिएस्टर शीट रंग शोषत नाही; आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा पुसला नाही तर ॲक्रिलिकचे पापुद्रे सुटतात. शीटच्या मागच्या बाजूने रंगवताना बारीक रेषा आधी, पार्श्वभूमी शेवटी. काही व्हिडिओ प्लेयर फाइल पुन्हा सुरू करताना काळा पडदा दाखवतात, तेव्हा प्रदर्शनाच्या वेळेइतकं सलग चालवून पाहायचं, तेही उद्घाटनाच्या निदान दोन दिवस आधी. आदल्या रात्री पाहिलं की घोळ यंत्राचा असतो आणि कलावंत स्वतःलाच नालायक ठरवून मोकळा होतो.

खर्चाच्या रकान्यात भाडं, वाहतूक, वायरिंग आणि स्वतःचं मानधन. हा शेवटचा आकडा जवळपास सगळेच कोरा ठेवतात. तो भरल्याशिवाय मी पुढची वेळ देत नाही.