स्लो कुकरमधलं चिकन पाणचट का होतं?

प्रश्न : सकाळी स्लो कुकर (मंद आचेवर तासन्तास शिजवणारं विजेचं भांडं) लावून ऑफिसला जाते. रात्री रस्सा पाणचट आणि चिकन चोथ्यासारखं. काय चुकतं? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : झाकणाखाली वाफ कोंडते, पाणी आटत नाही. 1 किलो चिकनला अर्धी वाटी पाणी पुरे. बाकीचं पाणी चिकन आणि कांदाच सोडतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र आधी कढईत कडेने तेल सुटेपर्यंत परताच. कुकरमध्ये ते नुसतं उकडतं, कच्चट वास राहतो. चोथा बहुधा बोनलेस ब्रेस्टमुळे. हाडासकट तंगडीचे तुकडे घ्या, ‘लो’वर 6 तास, मग ‘वॉर्म’. बटाटे तळाशी, ते उशिरा शिजतात. गोठलेलं चिकन थेट कधीच घालू नका: हळू तापताना जंतू वाढतात. गरम मसाला, कोथिंबीर वाढण्याआधी.