अचलपूर-चिखलदऱ्याला चांगली कॉफी आणि कॉकटेल कुठं मिळेल?

तुम्ही विचारलंय की चौघं मित्र डिसेंबरात पुण्याहून अचलपूर आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला पाहायला येताय, दोन दिवस आहेत हातात, तर संध्याकाळी मस्त कॉकटेल आणि सकाळी मस्त कॉफी कुठं मिळेल. मी परतवाड्याजवळच्या खेड्यात राहतो, संत्र्याचा बगीचा आहे, महिन्यातून एक-दोनदा घाट चढणं होतेच, म्हणून लिहितो.

कॉकटेलचं आधी सांगून टाकतो. समोर बर्फ घालून हलवून, कांडी लावून देतात तसलं काही मला तरी अचलपूर-परतवाड्यात कुठं दिसलं नाही. परमिट रूम आहेत, बीअर मिळते, व्हिस्की-सोडा मिळते, सोबत चना, आमलेट, तर्रीवाली भाजी मिळते, आणि भूक असली तर जेवण बरं असते. कायद्यानं बीअर-वाईनला वय 21 आणि बाकी दारूला 25 लागते, चौघांत कोणी लहान असेल तर आधीच ठरवून घ्या. यापुढं शोधत बसू नका, तुमची संध्याकाळ वाया जाईल.

कॉफीची गोष्ट मात्र वेगळी आहे भाऊ, कॉफी आमच्या डोंगरावर उगवते. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव निघते, समुद्रसपाटीपासून 1100 मीटरच्या आसपास उंची, वर थंड हवा, मोठ्या झाडांची सावली, इंग्रजांच्या वेळेपासूनची लागवड आहे. आणि तरी येणारे दहातले नऊ जण पॉइंटवरच्या टपरीवर पुडीतली कॉफी पिऊन खाली उतरतात, ती तर तुम्हाला पुण्याच्या स्टेशनवरही भेटते. मला याचं खरंच वाईट वाटते, म्हणून एवढं लांब लिहितोय.

पहिला दिवस अचलपूरला द्या. गावाचं जुनं नाव एलिचपूर, 1490 मध्ये वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली तिची ही राजधानी, 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली. दुल्हा दरवाजा पाहा, दुल्हा रहमान शाहचा दर्गा पाहा, आणि ऊन उतरल्यावर गावाबाहेरच्या हौज कटोऱ्याला जा, तलावाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा आहे, तिथं अर्धा तास तरी बसा. खाली गावात चहाच प्या, कॉफी मागू नका. दरवाज्याच्या आसपास छोटी हॉटेलं आहेत, दूध आटवून आटवून चहा गुलाबी-तपकिरी झालेला असतो, कट सांगितला की अर्धा कप येतो आणि तेवढा पुरतो. मी तर बाजाराच्या दिवशी तीन-चार होऊ देतो.

दुसऱ्या दिवशी लवकर निघा. परतवाड्याहून चिखलदरा धामणगाव गढीच्या रस्त्यानं साधारण 30 किलोमीटर आहे, घटांगवरून गेलात तर जास्त पडते पण जंगल भारी आहे. सकाळी धुकं असते, वळणावर हॉर्न द्या, रानगवा रस्त्यात उभा असला तर गाडी बंद करून थांबा, तो आपल्या मनानं जातो.

वर गेल्यावर कॉफी कशी मागायची ते नीट वाचा. टपरीवर नुसतं "कॉफी द्या" म्हटलं की पुडी फोडतात. म्हणायचं, "इथल्या बियांची आहे का, दळलेली?" बहुतेक जण नाही म्हणतील, एखादा म्हणेल, "घरी हाये थोडी, थांबता का?" थांबा. दुकानात चिखलदऱ्याची कॉफी म्हणून पावडर विकायला असते तेव्हा पाकीट पाहा, चिकोरी (एका झाडाच्या मुळाची भाजलेली पूड) मिसळलेली आहे का विचारा, शक्यतो भाजलेल्या अख्ख्या बिया घ्या आणि घरी जाऊन दळा, दळलेल्या कॉफीचा वास आठ-पंधरा दिवसांत उडून जाते.

मी पहिल्यांदा खरी कॉफी प्यालो ती वर एका ओळखीच्या घरी. मावशीनं चुलीवर लोखंडी कढई ठेवली, दोन मुठी बिया टाकल्या, हिरवट-राखाडी, आमच्या हरभऱ्यापेक्षा थोड्या मोठ्या, एका अंगानं चपट्या आणि मधून चीर पडलेल्या. आधी ओल्या गवतासारखा वास आला, मग भाकर भाजल्यासारखा, बिया पिवळ्या झाल्या, मग तपकिरी, आणि मग ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तशी तडतड सुरू झाली, तशी तिनं कढई उतरवली आणि सुपात ओतून फोलपट पाखडलं. मी म्हटलं आता करा, तर म्हणे, "आज नाही बाप्पा, उद्या. भाजल्या भाजल्या कडू लागते." दुसऱ्या दिवशी वरवंट्यानं भरड वाटली, उकळत्या पाण्यात टाकून झाकून ठेवली, गाळ खाली बसू दिला, मग फडक्यातून गाळली. दूध-साखर काहीच नव्हतं. मला वाटलं होतं कडूजहर लागेल, पण आंबटसर, आणि मागून थोडी गुळासारखी गोडी. दुसरा कप म्हशीचं दूध घालून दिला, तोही चांगला होता, पण पहिला अजून लक्षात आहे.

डिसेंबरात येताय ते चांगलं आहे, कारण फळं पिकतात ती हिवाळ्यातच. फांदीला चिकटून लाल फळांचे घोस दिसतील. कोणाच्या बागेतलं असेल तर विचारून एक तोडा आणि चोखून पाहा, वरची साल आणि गर गोड असते, आत दोन बिया चिकटलेल्या. उन्हाळ्यात पावसाची सर पडून गेली की याच फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि मोगऱ्यासारखा वास सुटते, पण ती दोन-चार दिवसांचीच गोष्ट.

कॉफी थर्मासात भरून घ्या आणि गाविलगडावर न्या, हे माझं पक्कं सांगणं. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता तिथंच पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. तुमची तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर तटावर बसून खालच्या दऱ्या पाहत कप हातात धरा, त्याच थंडीत ते लोक लढले हे अंगाला कळते. कचरा खाली आणा, किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. आणि उतरल्यावर रबडी खा, वर गवळ्यांच्या म्हशी आहेत, रबडी तिथलीच खावी.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कॉकटेल नाही म्हटल्यावर कोणीतरी तुम्हाला सांगेल की मोहाची पिऊन पाहा, ऑथेंटिक असते. कृपा करून मागू नका. घरी गाळलेली दारू विकणं-घेणं बेकायदा आहे, कशात काय मिसळलं ते बाहेरच्याला कळत नाही, आणि पकडला जाते तो गाळणारा, पिणारा गाडीत बसून निघून जाते. मागच्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांसमोर एक मोठी गाडी कोरकू आदिवासींच्या वस्तीत थांबली, काच खाली, "मोहाची भेटते का?" असं एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, ती अंगणात मोहफुलं वाळवत होती, काही न बोलता टोपलं उचलून घरात गेली. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात उठून ही माणसं एकेक फूल वेचतात, वाळवून ठेवतात, भाकरीत घालतात, देवाला वाहतात. तुम्हाला चव घ्यायचीच असेल तर वाळलेली फुलं विकत मागा, मनुक्यासारखी चघळायची, किंवा मोहाचे लाडू मिळाले तर घ्या.

आणि परतीला सेवाग्राम करणार असाल तर गाडीत बाटली ठेवू नका, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

बरं, कॉकटेलची हौस राहिलीच असेल तर मी काय करतो ते सांगतो. डिसेंबरात अंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारं, संत्रं अजून असते, पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराच्या संत्र्यापेक्षा आंबट. रस्त्याच्या कडेला ढिगातून डझनभर घ्या, दाबून पाहा, साल सैल असलेलं गोड निघते. रात्री कॉफीची भरड थंड पाण्यात भिजत घाला, चमचाभर कॉफीला अर्धा कप पाणी, सकाळी गाळून घ्या. ग्लासात बर्फ, अर्ध्यावर संत्र्याचा रस, वरून हळूच कॉफी सोडा, म्हणजे खाली केशरी आणि वर काळी अशी दोन थरांत राहते. चिमूटभर सैंधव. बी पडू देऊ नका, बी चावली की सगळी चव कडू होते. रात्री पाहिजे असेल तर कॉफी सकाळीच भिजवून ठेवा.

बर्फ परतवाड्यातूनच घेऊन चढा, वर पाहिजे तेव्हा भेटेल याचा भरवसा नाही.