'ख्रिस्ती प्रसारक' की 'ख्रिस्ती प्रसारण संघ'?

प्रश्न असा आहे: नेदरलँड्समधल्या केआरओ-एनसीआरव्ही या 'ख्रिश्चन पब्लिक ब्रॉडकास्टर'ला मराठीत 'सार्वजनिक ख्रिस्ती प्रसारक' म्हटले तर चालेल का?

मी तरी म्हणणार नाही. अडचण 'प्रसारक'ची आहे. पुण्याची शिक्षण प्रसारक मंडळी किंवा नाशिकची मराठा विद्या प्रसारक ही नावे आपल्या कानात इतकी मुरली आहेत, की प्रसारकाच्या आधी जे येते ते तो पसरवतो, असेच आपण समजतो. 'ख्रिस्ती प्रसारक' वाचले की डोळ्यांपुढे मिशनरी उभा राहतो, रेडिओ नाही. 'प्रसारण' मात्र आता रेडिओ-टीव्हीचेच झाले आहे.

म्हणून 'ख्रिस्ती प्रसारण संघ'. 'संघ' मुद्दाम, कारण एनसीआरव्हीमधला शेवटचा 'व्ही' म्हणजे डच 'फरेनेखिंग', सभासदांची संघटना. एनसीआरव्ही १९२४ची, प्रोटेस्टंटांची; केआरओ १९२५ची, कॅथलिकांची. त्या काळी तिथे प्रत्येक पंथाच्या नि विचाराच्या शाळा, वर्तमानपत्रे, कामगार संघटना वेगळ्या असत, मग रेडिओही वेगळा. समाजवाद्यांचा 'वारा' होता (आपल्या वाऱ्याशी संबंध नाही!). या विभागणीला डच लोक 'खांब' म्हणतात. पुढे कोणाला किती वेळ मिळणार, हे सभासदसंख्येवरही ठरू लागले. २०१४मध्ये हे दोन्ही संघ एकत्र आले. तेव्हा 'ख्रिस्ती' हे विशेषण सभासदांच्या मुळाचे आहे. दिवसभर भजन-प्रवचन चालते असा त्याचा अर्थ नाही.

राहिले 'सार्वजनिक'. ते 'ख्रिस्ती'ला चिकटवले की सार्वजनिक गणपतीसारखे काहीतरी वाटते. ते सेवेला जोडावे: 'सार्वजनिक प्रसारण सेवेतला ख्रिस्ती संघ'. लांब आहे खरे, पण गैरसमज होत नाही. आणि 'सरकारी' तर अजिबात नको.

जाता जाता, केआरओमधला 'ओ' म्हणजे 'ओमरूप'. देवनागरीत ॐकाराचे रूप वाटेल, पण 'ओम' म्हणजे भोवती आणि 'रूप' म्हणजे हाक. गावात फिरून पुकारा करणाराही तिकडे 'ओमरूपर'च. इंग्रजी 'ब्रॉडकास्ट' शेतातून आला, बी फोकून पेरण्यावरून. आपली 'आकाशवाणी' पुराणातून. डचांनी सरळ दवंडीवाल्यालाच मायक्रोफोनसमोर बसवला.