तक्रार नको, नोंद आण

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर शर्यतीच्या गाडीची भाड्याची सीट घेतलीस, गाडी वळणात नाक आत घेईना, तू सांगितलंस आणि इंजिनिअर म्हणाला, "गाडी ठीक आहे मॅडम, सवय होईल." आता नागपूरला परतून तू विचारतेस की दोष गाडीचा की माझा. तुझ्या सहा पानांत टायरच्या हवेचा एक आकडा नाही, वळणाचा नंबर नाही. यावरून तुला कोण काय सांगणार?

बाईला हे जमतं का, यावर मी शाई घालवणार नाही. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी 2024 मध्ये एमआरएफ सलून (बंद टपाच्या मोटारींच्या) गटाचं राष्ट्रीय विजेतेपद पुरुषांच्या बरोबरीने उतरून मिळवलं. तो विषय संपला. तुझा विषय वेगळा आहे: तुझं म्हणणं कुणी खोटं पाडू शकणार नाही, असं ते मांडायचं कसं?

लेला लोम्बार्डीचं नाव तू अर्ध्या गुणासाठी ऐकलं असशील. घरच्या मटणाच्या धंद्याची व्हॅन चालवणारी ही इटालियन मुलगी फॉर्म्युला वनपर्यंत पोचली. 27 एप्रिल 1975, बार्सिलोनाचं मोंटजुइक. त्या ट्रॅकच्या कडेच्या लोखंडी रेलिंगचे नटबोल्ट नीट आवळलेलेच नव्हते, म्हणून ड्रायव्हरांनी सरावाला नकार दिला होता. शेवटी टीमचे मेकॅनिक पाने घेऊन रेलिंग आवळायला गेले. शर्यतीत रोल्फ स्टोमेलेनच्या गाडीचा मागचा विंग तुटला, गाडी रेलिंगपलीकडे गेली, माणसं दगावली. 75 पैकी 29 फेऱ्यांवर शर्यत थांबली, म्हणून सगळ्यांना निम्मे गुण. लेला सहावी होती, तिला अर्धा गुण मिळाला. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत गुण मिळवणारी ती आजही एकमेव स्त्री आहे.

लोक इथे थांबतात. मला पुढचं जास्त लागतं. तिच्या मार्च कंपनीच्या गाडीबद्दल ती सांगत राहिली की वेगाच्या वळणात गाडी बरोबर चालत नाही. टीमने मनावर घेतलं नाही. 1976 च्या ब्राझील शर्यतीनंतर तिची जागा रॉनी पीटरसन या ड्रायव्हरला दिली. त्यानेही तेच सांगितलं, तेव्हा गाडी उघडली, आणि मागच्या बल्कहेडला, म्हणजे सांगाड्यातल्या आडव्या भिंतीला, तडा सापडला. गाडीचा रचनाकार रॉबिन हर्ड यानेच पुढे हे सांगितलं. तडा तिच्याच काळात सापडायला हवा होता, याची हळहळ मला अजून वाटते. 1979 मध्ये ओसेला गाडीत तिने इटलीतल्या पर्गुसा आणि व्हालेलुंगाच्या सहा तासांच्या शर्यती जोडीदारांबरोबर जिंकल्या. हात कच्चा असता तर हे झालं असतं का?

म्हणून वही ठेव. शोरूमचं गुळगुळीत डायरीपान नको, ग्रीसच्या हातानेही लिहिता येईल अशी जाड पुठ्ठ्याची वही. गाडीतून उतरल्या उतरल्या, हेल्मेट काढायच्या आधी नाही पण पाणी प्यायच्या आधी, लिही.

"गाडी वळायच्या ऐवजी पुढे सरकते" हे लिहिणं नव्हे. कुठे सरकते ते लिही. ब्रेक दाबलेला असताना वळणात शिरताना? मग आधी स्वतःचा पाय तपास, तू ब्रेक उशिरा आणि स्टिअरिंग घाईने करत असशील. वळणाच्या मध्यावर, ॲक्सिलरेटर स्थिर असताना? मग संशय गाडीवर: पुढच्या टायरची हवा, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल), टो (वरून पाहता चाकाचं आत-बाहेर वळणं). बाहेर पडताना, पाय दाबल्यावर? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो बहुतेक वेळा पायाचाच दोष असतो. वळणाचा नंबर, गिअर, पहिल्या फेरीपासून की सहाव्या फेरीनंतर, डावीकडे की दोन्हीकडे, हे सगळं हवं. फक्त एका बाजूच्या वळणात त्रास असेल तर तुझ्या पायाला दोष देणाऱ्या माणसाला विचार, पाय उजवं-डावं कसं ओळखतो?

टायरची हवा मात्र नीट समजून घे, नव्वद टक्के भांडणं इथेच सुटतात असं माझं ठाम मत आहे. सकाळी 30 अंशांवर 30 पीएसआय भरलेला टायर आतून 80 अंशांना गेला की हवा 37 च्या वर जाते. हवेत ओल असेल तर आणखी. म्हणजे थंड आकडा निम्मीच गोष्ट सांगतो. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आली की लगेच, थंड करणारी फेरी न मारता, चारही टायर रोज त्याच क्रमाने मोज. गेज स्वतःचं, एकच. पेट्रोल पंपावरच्या गेजवर विसंबू नको. शक्य असेल तर टोचायच्या पायरोमीटरने प्रत्येक टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीनदा घे. लांबून मारायची गन वरच्या थराचं तापमान दाखवते, आणि तो थर क्षणात थंड होतो. मध्य जास्त तापला तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या तर कमी. आतली कड फारच पुढे असेल तर कॅम्बर अति झाला. मग एका वेळी एकच बदल कर, आणि शेवटी पहिल्या सेटिंगवर परत येऊन फरक खरा होता का ते बघ. दोन बदल एकत्र केलेस तर वहीतलं ते पान फाडलेलंच बरं.

ब्रेक पेडल मऊ पडतं असंही तू ओझरतं लिहिलंस. ओझरतं! डॉट 4 प्रकारचं ब्रेक तेल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ती हद्द 155 पर्यंत उतरू शकते. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते. तेल शेवटचं कधी बदललं ही तारीख वहीत हवी. चाकांचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर), समोरासमोर आवळायचे, आणि पहिल्या सेशननंतर गाडी थंड झाल्यावर परत तपासायचे. मोंटजुइक आठव.

समृद्धीवर रात्री सराव करते म्हणालीस, ते आजपासून बंद. तिथे 120 ची मर्यादा आहे, आणि सरळ रस्ता वळणाचं काहीच शिकवत नाही. त्याऐवजी घरच्या गाडीची हवा पहाटे मोज, बुटीबोरीला जाऊन ये, परत मोज. मे महिन्यात कर, फरक डोळ्यांनी दिसेल. गरम टायरची वाढलेली हवा मात्र काढू नकोस, थंड झाल्यावर कमी पडेल.

माझ्या या वहीच्या हट्टाला लोक कंटाळतात. कंटाळू देत. जिच्या हातात आकडा असतो तिला "सवय होईल" म्हणायला समोरच्याची जीभ अडखळते, म्हणून मी हा हट्ट सोडत नाही आणि सोडणारही नाही.

पुढच्या सीटचे पैसे भरण्याआधी टीमला लेखी विचार: थंड आणि गरम हवा किती ठेवता, टो आणि कॅम्बर किती, टायर किती सेशन चालले आहेत, ब्रेक ऑइल कधी बदललं. उत्तर आलं नाही तर ते पैसे भरू नकोस, जीटी एक्स्प्रेसचं तिकीटही काढू नकोस.

तुझा,
काका