नाशिकमध्ये फ्लॅटच्या आत डीडब्ल्यूसी हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, मुळं थेट खताच्या पाण्यात ठेवून झाडं वाढवणं) जमेल का? सुरुवात कशी करू?

हो जमेल, 20 लिटरची झाकणवाली बादली, फिशटँकवाला एअरपंप, एअरस्टोन (पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारा दगड) आणि 2-3 नेटपॉट (जाळीदार छोट्या कुंड्या) एवढ्यावर लेट्युसपासून सुरू करा, टोमॅटोच्या नादाला आत्ताच लागू नका. बादली काळी हवी नाहीतर बाहेरून रंगवा, आत उजेड गेला की शेवाळ धरतंच. मुळं दिवसरात्र पाण्यात असतात, त्यांना ऑक्सिजन मिळावा म्हणून पंप 24 तास चालू, रात्री घुर्रघुर्र आवाज येतो म्हणून बंद ठेवायला लागलात तर मुळं तपकिरी होऊन कुजतात. आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, माझा खाली होता, लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपच गेला.

- खत हायड्रोपोनिकचंच, पाण्याचा पीएच 5.5 ते 6.5, ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय ते दाखवणारा आकडा) 1 mS/cm च्या आसपास
- मुळं खाली उतरली की पाणी नेटपॉटच्या 2-3 सेंटीमीटर खाली ठेवा
- एलईडी रोज 14 तास

फक्त एप्रिल-मेमध्ये सुरू करू नका, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो मग पंप असूनही लेट्युस मान टाकतं, आपल्याकडची नोव्हेंबर ते फेब्रुवारीची थंडी याला एकदम भारी.