युद्ध संपल्यावरही डच स्त्रिया आणि मुले जावातील जपानी कैदी-छावण्यांतच का राहिली?

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली, तरी बाहेर पडून जायचे कुठे, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. १९४२ साली डच ईस्ट इंडीज, म्हणजे डचांच्या ताब्यातला आजचा इंडोनेशिया, जपानच्या हाती पडल्यावर घरेदारे गेली आणि पुरुषांची रवानगी वेगळ्या छावण्यांत झाली. पुढे दहा-अकरा वर्षांच्या मुलग्यांनाही आयांपासून तोडून तिकडे धाडले गेले. मला तर ही ताटातूट उपासमारीइतकीच क्रूर वाटते. बटाव्हियातील (आजचे जकार्ता) चिडेंग छावणी म्हणजे बांबूच्या तट्ट्यांनी वेढलेली एक साधी वस्ती होती. अखेरीस तिथे सुमारे १०,००० स्त्रिया-मुले कोंबलेली होती आणि हजेरीला आजारी बायकांनाही तासन्‌तास उन्हात उभे राहून पहारेकऱ्यांपुढे कमरेतून वाकावे लागे.

१७ ऑगस्टला इंडोनेशियाने स्वातंत्र्य घोषित केले, डचांची सत्ता परतेल या धास्तीने वातावरण पेटले आणि सशस्त्र तरुणांचे हल्ले सुरू झाल्यावर काल छळणाऱ्या जपानी शिपायांवरच या कैद्यांच्या रक्षणाची जबाबदारी आली. ऑक्टोबरात जावातील सुराबाया शहरात उतरलेल्या ब्रिटिश भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. अशा कैद्यांना सुरक्षित बाहेर काढणे हेही त्यांचे काम होते.