फिन, जडाव आणि लाकडात शिरणारं पाणी: लाकडी सर्फबोर्डवाल्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (खानापूर): घरच्या वाळलेल्या फणसाच्या अखंड फळीतून नऊ इंची फिन (सर्फबोर्डाच्या खाली बसणारं सुकाणूसारखं पातं) कापला आणि वर दोन्ही बाजूंनी दोन-दोन थर काचेचं कापड चढवलं. तिसऱ्याच दिवशी बुडाजवळ सरळ रेषेत मोडला. लाकूड चुकलं का? शेताच्या बांधावर पांगारा आहे, तो हलका असतो. त्याचा केला तर?

फणस चुकला नाही, रेषा चुकली. तुमच्या फिनमध्ये लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) बुडाला समांतर गेली असणार. फिनवर सगळा जोर आडवा येतो आणि तो बुडाशी साठतो. तिथे रेषा आडवी असली की सरपण फोडल्यासारखी सरळ चीर जाते. रेषा बुडाकडून टोकाकडे उभी घेतली तरी दुखणं संपत नाही. फिन मागे झुकलेला असतो, त्यामुळे टोकाशी तीच रेषा तोकडी पडते आणि टोक उडतं. म्हणून अखंड फळी नकोच.

शिवणीच्या लाकडाच्या २ मिलिमीटरच्या तीन पट्ट्या एकावर एक चिकटवा. बाहेरच्या दोन उभ्या, मधली आडवी. असा ६ मिलिमीटरचा गाभा तयार होतो. शिवण हलकी असते आणि वाळल्यावर फारशी हलत नाही, हा तिचा खरा गुण. फणस वापरायचाच तर बाहेरच्या पट्ट्यांना वापरा, काचेखाली त्याचा पिवळा रंग फार छान दिसतो.

दोन थर काच म्हणजे फक्त पाण्यापासून आडोसा, ताकद नव्हे. नऊ इंची एकेरी फिनला २०० ग्रॅमचं (प्रति चौरस मीटर) कापड दर बाजूला पाच थर लागतं. पहिला थर पूर्ण आकाराचा, पुढचे टोकाकडून आखूड होत जाणारे, म्हणजे बुडाशी जाडी आणि टोकाशी लवचिकपणा राहतो. पाचातले दोन थर ४५ अंशांत तिरके टाका. कापड साधारण ५० ते ६० ग्रॅम लागेल, इपॉक्सी (काच चिकटवणारं, दोन भाग कालवून घट्ट होणारं राळ) तेवढंच. एका पेल्यात १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, ते स्वतःच्याच उष्णतेने तापून हातात घट्ट होतं.

लाकडी गाभा फिनच्या आकारापेक्षा चहूबाजूंनी ६ मिलिमीटर लहान कापा आणि ती कड काचेच्या दोऱ्याने व इपॉक्सीने भरा. दगडावर घासली जाते ती कडच. तिथे लाकूड उघडं पडलं तर पाणी आत चढतं आणि गाभा काळा पडून काच सुटते.

पांगाऱ्याबद्दल: हवाईत जुने लांबलचक बोर्ड विलीविलीच्या लाकडाचे करत. ते झाड पांगाऱ्याच्याच कुळीतलं. म्हणजे बोर्डासाठी कल्पना वाईट नाही, पण फिनच्या गाभ्याला ते फार मऊ, बुडाशी चेपतं.

प्रश्न (बेळगाव): मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा) फिन घासून केला. दिसायला बरा आहे, पण वेग घेतला की गुणगुणतो. दोन्ही बाजू सारख्या झाल्यात हे कसं ओळखायचं?

प्लाय घेतलात हे बरं केलंत, कारण तो स्वतःच नकाशा काढून देतो. घासत गेलं की आतले थर एकेक करून उघडे पडतात आणि डोंगराच्या नकाशावर असतात तशा समउंचीच्या रेषा दिसतात. दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्या अंतरावर असतील तर आकार सारखा. कुठे रेषा वाकडी दिसली तर तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. ७१० क्रमांकाचा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेलाच प्लाय घ्या. स्वस्त प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि त्या नेमक्या अर्धं काम झाल्यावर उघड्या पडतात.

आधी कडेवर पेन्सिलीने बरोबर मधोमध रेघ मारा आणि ती शेवटपर्यंत पुसू देऊ नका. सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक तृतीयांशावर हवा. तिथून पुढे गोलसर उतार, मागे लांब आणि सपाट होत जाणारा. कानशीने सुरुवात करा, मग ६० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की मऊ थर जास्त जातो आणि लाटा पडतात. एकेरी किंवा मधला फिन दोन्ही बाजूंनी फुगीर, तर बाजूचे फिन आतून सपाट आणि बाहेरून फुगीर असतात.

गुणगुणण्याचं मूळ बहुतेक वेळा मागच्या कडेत असतं. ती बोथट राहिली की पाणी तिथून भोवरे करत सुटतं आणि फिन थरथरतो. काच चढवल्यावर मागची कड १२० नंबरने दोन्हीकडून सारखी उतरवा, १ मिलिमीटरच्या आसपास आणा. पुढची कड मात्र गोलच ठेवा. ती धारदार करायचा मोह अनेकांना होतो. त्याने वेग वाढत नाही, पिंडरी मात्र कापते.

प्रश्न (बेळगाव): फिन बॉक्सचा (बोर्डातल्या फिन बसवायच्या खाचेचा) मूळ स्क्रू हरवला. बाजारातला एम-४ (४ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू) तो स्क्रू धरणाऱ्या पट्टीत बसत नाही.

मूळ स्क्रू ८-३२ (इंची मापाच्या) आट्यांचा असतो. व्यास जवळपास ४ मिलिमीटरच, पण आटे वेगळे. जोर लावून फिरवलात तर पट्टीचे आटे जातील. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवाल्याकडून पितळेची तेवढीच पट्टी करून तिला एम-४ चे आटे पाडून घ्या आणि स्क्रू ३१६ दर्जाचा स्टेनलेस वापरा. ३०४ खाऱ्या पाण्यात तांबारतो.

प्रश्न (निपाणी): शिवणीच्या डेकवर (बोर्डाच्या वरच्या बाजूवर) सागाच्या पंचवीस मिलिमीटर रुंद पट्ट्यांचा जडाव ऑगस्टमध्ये केला. मार्चमध्ये पट्टीच्या दोन्ही कडांना केस जाईल एवढी फट, आणि काचेखाली बारीक बुडबुडे. चूक कुठे झाली?

दोन चुका आहेत, आणि दोन्ही हवेच्या.

पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या लाकडात १८ टक्क्यांपर्यंत ओल राहते, उन्हाळ्यात ती ८-९ वर येते. सागाची पट्टी अशी आक्रसली तर पंचवीस मिलिमीटरला जवळपास अर्धा मिलिमीटर जातो. तीच तुमची फट. तेव्हा ऑगस्टमध्ये जडाव करायचाच असेल तर आधी ओल मोजा. त्यासाठी यंत्र लागत नाही. त्याच लाकडाचा १०० ग्रॅमचा तुकडा ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ९० ग्रॅम राहिला तर ओल ११ टक्के, काम सुरू करा. ८५ राहिला तर ती साडेसतरा, थांबा. पट्ट्या आणि डेकच्या फळ्या दोन आठवडे एकाच खोलीत ठेवा, म्हणजे दोघांची ओल जुळते.

खाचेबद्दल: पोकळ बोर्डाची फळी ६ मिलिमीटर असते, तिच्यात २ मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. पट्टी अडीच मिलिमीटरची घ्या, अर्धा मिलिमीटर वर राहू दे, नंतर रंध्याने उतरवा. पट्टी अंगठ्याने दाबून बसली पाहिजे. हातोडी लागत असेल तर ती घट्ट आहे, इपॉक्सीला जागाच उरत नाही. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोनने पुसा. सकाळी पुसून संध्याकाळी चिकटवलं तर उपयोग नाही, तेल पुन्हा वर येतं.

आता बुडबुडे. सकाळी काम सुरू केलंत, दुपारी लाकूड तापलं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगली आणि ओल्या इपॉक्सीतून वर आली. पहिला पातळ हात संध्याकाळी, तापमान उतरत असताना द्या, म्हणजे लाकूड उलट इपॉक्सी आत ओढतं. काच दुसऱ्या दिवशी. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते. ती कोमट पाण्याने धुऊन मगच घासा, नाहीतर घासताना ती आत रगडली जाते आणि पुढचा थर सुटतो.

प्रश्न (हल्याळ): शिवणीत शिसवाची नक्षी बसवली, पण भोवतीचं पांढरं लाकूड जांभळट झालं.

शिसवाचा भुसा आणि अ‍ॅसिटोन मिळून रंग सोडतात. शिसवी तुकडा बाहेरच पुसून घ्या, आणि खाच कोरण्याआधी शिवणीवर इपॉक्सीचा एक पातळ हात देऊन तिची छिद्रं बुजवा. घासताना दर दोन मिनिटांनी भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या, फडक्याने पुसू नका. मास्क हवाच, हा भुसा कातडीला आणि छातीला बाधतो. शिसव तोडायला वनखात्याची परवानगी लागते. जुन्या पलंगाचे मोडके पाय मिळवा, दहा बोर्डांची नक्षी त्यात होते. तेही नाही जमलं तर नारळाची करवंटी. रंग तितकाच गडद, मात्र ती वाकलेली असल्याने तुकडे इंचापेक्षा मोठे घेऊ नका.

प्रश्न (कारवार): बेळगावहून करून आणलेला पोकळ बोर्ड घाट उतरल्यावर कुरकुरतो. डेकवरच्या जडावाजवळ पांढरी रेघही दिसते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. तिथे हवाछिद्राचा (पोकळ बोर्डातली हवा आत-बाहेर होण्यासाठी ठेवलेल्या भोकाचा) स्क्रू घट्ट लावून बोर्ड बंद केला तर आत डोंगरावरची विरळ हवा कोंडली जाते. किनाऱ्यावर बाहेरचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी जास्त, म्हणजे डेकच्या दर चौरस फुटावर सुमारे ८० किलोचा भार. खाच कोरून पातळ झालेली फळी सर्वांत आधी वाकते. ती पांढरी रेघ म्हणजे काच लाकडापासून सुटू लागली आहे. प्रवासात स्क्रू काढून ठेवायचा आणि पाण्यात उतरण्याआधी रबरी वॉशरसकट लावायचा. बाहेर आल्यावर बोर्ड सावलीत ठेवून तो पुन्हा सैल करायचा, कारण उन्हात आतली हवा फुगते.

रेघेचं म्हणाल, तर ती नखाने दाबून पाहा. हलत असेल तर दोन्ही टोकांना १ मिलिमीटरची भोकं पाडा, एका भोकातून सिरिंजने पातळ इपॉक्सी दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत भरा आणि वर प्लास्टिक ठेवून रात्रभर वाळूच्या पिशवीने दाबून ठेवा. बोर्ड आधीच पाण्यात गेला असेल तर भरण्यापूर्वी तो आठवडाभर, स्क्रू काढून, सावलीत वाळवा.